घुमट, गालिचा आणि ऐकणारी माणसं

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची आठवीची सहल विजापूरला गेली. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरचा प्रवास, त्यामुळे पहाटे निघून रात्री परत. गोल घुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून मुलं वरच्या सज्जात पोहोचली आणि व्हायचं तेच झालं. प्रत्येकाला आपल्या नावाचा प्रतिध्वनी ऐकायचा होता. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. त्या कल्लोळात गाईड भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजला आणि समोरच्या बाजूला, जवळपास अडतीस मीटरवर उभ्या असलेल्या मुलींना ते ऐकू गेलं. मुली दचकल्या, मग हसल्या.

खाली उतरताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ये जान-बूझके बनाया क्या, के खुदबखुद हो गया?"

मी भाषा शिकवते. उर्दू आणि मराठी. ध्वनिशास्त्र हा माझा विषय नाही. त्या वेळी मी "घर जाके देखेंगे" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न इतिहासाचा होता, आणि चांगला होता. आपण जुन्या वास्तूंबद्दल दोनच गोष्टी बोलतो. एक तर "आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं", नाहीतर "त्यांना काय कळत होतं, योगायोग असेल". मुलीला या दोन्हींच्या मधलं उत्तर हवं होतं. ते शोधताना मी विजापूरहून इस्तंबूलला गेले (पुस्तकांतून), आणि तिथून परत आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीत आले.

विजापूरचं उत्तर

गोल घुमट ही मोहम्मद आदिलशहाची कबर. त्याची कारकीर्द 1627 ते 1656. कबरीचं काम त्याच्या हयातीतच सुरू झालं होतं. वास्तुकार म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव परंपरेनं घेतलं जातं. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदर. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींवर तोललेला हा घुमट बाहेरून सुमारे 44 मीटर व्यासाचा आहे आणि खालच्या प्रचंड दालनात त्याला एकाही खांबाचा आधार नाही.

कुजबुज समोर कशी पोहोचते, याचं उत्तर इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅली यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलसाठी शोधलं. आवाज हवेतून सरळ समोर जात नाही. तो वक्र भिंतीला चिकटून, तिच्या कडेकडेनं सरकत जातो आणि म्हणून फारसा विरत नाही. 1921 मध्ये सी. व्ही. रामन यांनी त्याच सेंट पॉलमध्ये प्रयोग करून या विषयात भर घातली आणि नंतर भारतातल्या अशा सज्जांवरही लिहिलं. प्रतिध्वनीचं गणित तर आठवीच्या मुलांनाही येईल. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. अडतीस मीटर जाऊन परत यायचं म्हणजे 76 मीटर, त्याला लागतात 0.22 सेकंद. दोन आवाज वेगळे ऐकू यायला कानाला सुमारे 0.1 सेकंदाचं अंतर पुरतं. म्हणून आपली हाक आपल्याला वेगळी ऐकू येते, पुन्हा पुन्हा.

म्हणजे विजापूरपुरतं उत्तर असं की बांधणाऱ्यांना मोठा घुमट हवा होता. आवाज त्या घुमटाच्या वक्रतेतून आला. ही कबर होती, इथं दर जुम्याला खुतबा द्यायचा नव्हता. आवाज घुमला तर कुणाचं काही अडत नव्हतं.

मस्जिदीत मात्र अडतं.

मेमार सिनानची अडचण

मस्जिदीतला आवाज तीन जागांहून येतो. इमाम मेहराबीत उभे असतात आणि नमाजमध्ये त्यांचा चेहरा किब्ल्याकडे असतो, म्हणजे जमातीकडे पाठ. त्यांचा आवाज आधी भिंतीवर आदळतो आणि मग मागे येतो. खतीब मिंबरवर, उंचावर आणि लोकांकडे तोंड करून बोलतात. मोठ्या मस्जिदीत मुकब्बिर मधल्या ओट्यावरून तकबीर पुढे पोहोचवतात. तीन बोलणारे, तीन जागा, तीन दिशा. यात गरज दोन प्रकारची. किरअत घुमली तर काळजाला भिडते. खुतबा घुमला तर शब्द कळत नाहीत. एकाच दालनाकडून दोन्ही साधायचं, आणि त्यावर घुमट.

ही अडचण सोळाव्या शतकात मिमार सिनान यांच्यापुढे होती. ‘मिमार’ म्हणजे आपल्या उर्दूतला ‘मेमार’, बांधकाम करणारा. 1539 च्या सुमारास ते उस्मानी दरबाराचे मुख्य वास्तुकार झाले आणि 1588 मध्ये वारले. इस्तंबूलची सुलेमानिया मस्जिद 1550 ते 1557 या काळात उभी राहिली. एदिर्ने इथली सेलिमिया मस्जिद त्यांच्या म्हातारपणातली, 1570 च्या दशकात पूर्ण झालेली.

सुलेमानियाबद्दल एक दंतकथा सांगतात. सुलतानाच्या कानावर गेलं की सिनान मस्जिदीत बसून हुक्का ओढतात. सुलतान संतापून आला तर घुमटाखाली सिनान खरोखरच हुक्का घेऊन बसलेले. पण त्यात तंबाखू नव्हती, नुसतं पाणी होतं. पाण्याच्या गुडगुडीचा आवाज कोपऱ्याकोपऱ्यात कसा पोहोचतो, ते ऐकत होते. ही गोष्ट खरी म्हणून सांगण्याजोगी नाही. पण लोकांनी ती जपली, कारण आवाजाचा विचार त्या इमारतीत दिसतो.

तो कुठे दिसतो? घुमटाच्या आतल्या बाजूला पोकळ मडकी बसवलेली आहेत, तोंड दालनाकडे. ही कल्पना जुनी आहे. रोमन लेखक विट्रुव्हियस यांनी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात नाट्यगृहात ठेवायच्या काशाच्या भांड्यांबद्दल लिहून ठेवलं. अशी पोकळ भांडी ठरावीक स्वरांना कशी प्रतिसाद देतात, हे एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्त्झ यांनी समजावलं. म्हणजे सिनान यांच्या बाबतीत मुलीच्या प्रश्नाचं उत्तर "जान-बूझके" असं आहे. हेतू होता, हे मडकीच सांगतात. पण त्यांचा उपयोग किती झाला? इतक्या प्रचंड दालनात मूठभर मडक्यांनी कितीसा फरक पडतो, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हेतू आणि परिणाम या इतिहासात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

संगणकात मस्जिद

परिणाम तपासायचा कसा? सुलेमानियातली मडकी काढून बघता येत नाहीत. इथं संगणक कामाला आला. 2000 ते 2003 या काळात युरोपीय आयोगाच्या मदतीनं एक प्रकल्प झाला, नाव ‘काहरिस्मा’. इस्तंबूलचं यिल्दिझ तंत्र विद्यापीठ, डेन्मार्कचं तंत्र विद्यापीठ आणि इतर काही संस्था त्यात होत्या. सिनान यांच्या तीन मस्जिदी (सुलेमानिया, सेलिमिया आणि सोकुल्लू मेहमेद पाशा) आणि इस्तंबूलची तीन बायझंटाईन चर्चेस (आया सोफिया, सर्जियस आणि बाखुस, आया इरिनी) त्यांनी निवडली. प्रत्यक्ष जागेवर आवाज मोजले आणि मग प्रत्येक वास्तूची संगणकात प्रतिकृती बनवली. त्यासाठी ‘ओडियन’ हे सॉफ्टवेअर वापरलं. डेन्मार्कमध्ये 1984 मध्ये त्याचं काम सुरू झालं. ग्रीक-रोमन काळातल्या छोट्या, छप्पर असलेल्या संगीतगृहांना ओडियन म्हणत, त्यावरून हे नाव.

मला वाटलं होतं, मस्जिदीचं त्रिमिती चित्र संगणकात घातलं की तो सगळं सांगत असेल. तसं नाही. संगणकाला मेहराब दिसत नाही, मिंबर दिसत नाही. त्याला दिसतात फक्त पृष्ठभाग. हजारो छोटे सपाट तुकडे, प्रत्येकाला एक क्रमांक. गोल घुमटसुद्धा सपाट तुकड्यांचा जोडून केलेला. हा तुकडा काय आहे, ते माणसानं सांगायचं.

काम तीन टप्प्यांत चालतं. पहिला, ओळख. हा पृष्ठभाग खांबाचा, हा जाळीचा, हा गालिच्याचा. दुसरा, गट. सारख्या वस्तू एका लेअरमध्ये ठेवायच्या, म्हणजे पुढे सगळ्या गालिच्याला एकदम हात घालता येतो. तिसरा, टीप. प्रत्येक गटाला नाव आणि साहित्य द्यायचं. साहित्याबरोबर येतात शोषणाचे आकडे, 63 ते 8000 हर्ट्झपर्यंतच्या आठ पट्ट्यांसाठी वेगवेगळे. पृष्ठभाग आवाज किती विखुरतो, त्याचा आकडा वेगळा. मग बोलणाऱ्यांच्या जागा आणि ऐकणाऱ्यांच्या जागा खुणा करून ठरवायच्या. त्यानंतर संगणक बोलणाऱ्याच्या जागेवरून हजारो किरण सोडतो आणि कुठला किरण किती आपटून, किती विरून ऐकणाऱ्याकडे पोहोचला, ते मोजतो.

यातली एक गंमत मला फार आवडली. चित्रात जितका तपशील जास्त तितकं चांगलं, असं इथं नाही. प्रत्येक खुर्ची, प्रत्येक नक्षी काढत बसलं तर हिशेब बिघडू शकतो. श्रोत्यांची रांग एक साधा ठोकळा म्हणून दाखवायची आणि त्याला योग्य आकडे द्यायचे. नक्षी काढण्याऐवजी ‘इथं नक्षी आहे, आवाज विखुरतो’ अशी टीप ठेवायची. वस्तूचं चित्र थोडं चुकलं तर निभावतं, नाव चुकलं की सगळं चुकतं.

उशांचं गणित

या सगळ्याची सुरुवात उशांपासून झाली, असं म्हटलं तरी चालेल. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात शब्द इतके घुमत की काही कळत नसे. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यांनी रात्रीच्या शांततेत ऑर्गनची एक नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, मग शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या-उशा आणून ठेवायच्या आणि पुन्हा मोजायचं. रिकाम्या खोलीत आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. उशा वाढत गेल्या तसा तो कमी होत गेला. त्यातून सूत्र निघालं. खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले खोलीतलं एकूण शोषण.

मी हे आमच्या वर्गात फळ्यावर करून पाहिलं. समजा, मोहल्ल्यातली छोटी मस्जिद, 12 मीटर लांब, 10 रुंद, 4 उंच. घनफळ 480 घनमीटर. सगळीकडे फरशी आणि गुळगुळीत गिलावा, शोषण 0.03 धरू. एकूण पृष्ठभाग 416 चौरस मीटर, त्याचं शोषण साडेबारा. उत्तर येतं सहा सेकंदांहून जास्त. आता फक्त जमिनीवर गालिचा घालू, शोषण 0.3. उत्तर एकदम 1.7 सेकंदांवर. शंभर नमाजी आले, प्रत्येकाचं शोषण अर्धा चौरस मीटर, तर 0.8 सेकंद. हिशेब ढोबळ आहे, पण मुलांना मुद्दा कळला. मस्जिदीत आवाज सांभाळणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथं आलेली माणसं.

अर्थात गालिचा सगळे स्वर सारखे शोषत नाही. वरचे स्वर लवकर गिळतो, खालचे बरेचसे सोडून देतो. मोठ्या मस्जिदीत खर्जातला आवाज रेंगाळत राहतो त्याचं हे एक कारण. किरअतीला जी भारदस्त साथ मिळते, ती तिथून येते.

एकच दालन, तीन नावं

आया सोफियाचा विषय निघाला की लोक लगेच बाजू घेतात. 537 मध्ये चर्च, 1453 नंतर मस्जिद, 1935 पासून संग्रहालय, 2020 पासून पुन्हा मस्जिद. वाद कुठल्या नावाचा हक्क खरा, याचा. संगणकातल्या आया सोफियाला हा वाद कळत नाही. तिच्या लेअरमध्ये ‘चर्च’ नाही आणि ‘मस्जिद’ही नाही. संगमरवर आहे, गिलावा आहे, गालिचा आहे, माणसं आहेत. डेन्मार्कच्या संशोधकांनी जमिनीचा लेअर बदलून तीच वास्तू चर्च म्हणून आणि मस्जिद म्हणून ऐकली. उघडा संगमरवर ठेवला की आवाज जास्त रेंगाळतो. गालिचा आणि नमाजी आले की तो आवरतो.

2010 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिसेरा पेंचेवा आणि जोनाथन एबल यांच्या प्रकल्पासाठी आया सोफियात फुगे फोडून त्याचा आवाज टिपला गेला. दहा-अकरा सेकंद रेंगाळणारा. त्या नोंदींवरून संगणकानं दालनाचा गुण वेगळा काढला आणि कापेला रोमाना या गायकसमूहाचं बायझंटाईन गायन कॅलिफोर्नियातल्या सभागृहात असं ऐकवलं, जणू ते आया सोफियातच गातायत. 2019 मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका आली. फुगे फुटले तेव्हा तिथं संग्रहालय होतं, फरशी उघडी होती. आज तिथं गालिचा आहे. म्हणजे त्या नोंदीत जे दालन आहे ते आज तसं ऐकू येत नाही. नोंद ठेवली म्हणून ते वाचलं. आज तिथं सजदा करणाऱ्यांना जो आवाज ऐकू येतो, त्याचीही अशीच नोंद व्हायला हवी, असं मला वाटतं. दोन्ही आवाज त्याच भिंतींचे आहेत.

सुलेमानियातही असंच काही झालं. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत जुन्या चुन्याच्या गिलाव्याच्या जागी काही ठिकाणी सिमेंट आलं. दिसायला फरक नाही. पण चुना थोडा आवाज पितो, सिमेंट तो परत फेकतं.

आमची मस्जिद

इथपर्यंत वाचून मी थांबले असते. पण हे सगळं आमच्याच गल्लीत घडलं होतं.

आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीचं काही वर्षांपूर्वी नूतनीकरण झालं. चुन्याच्या भिंतींवर छातीच्या उंचीपर्यंत चकचकीत फरशी लागली, लाकडी छत गेलं, मोठे स्पीकर आले. कमिटीचा हेतू चांगला होता, लोकांनी मनापासून चंदा दिला होता. पण त्यानंतर बयान कळेनासं झालं. वयस्कर लोक म्हणू लागले, आवाज मोठा आहे पण बोल कळत नाहीत. उपाय म्हणून आवाज आणखी मोठा केला गेला.

माझा एक माजी विद्यार्थी वास्तुविशारद आहे. मी त्याला काहरिस्माबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, अपनी मस्जिद का भी करके देखते." त्यानं माप घेऊन पहिली प्रतिकृती बनवली. लेअर तीनच. दीवार, फर्श, छत. उत्तर प्रत्यक्षाशी जुळेना. तेव्हा त्यानं मला वही घेऊन बोलावलं. "चीजों के नाम आप बताओ."

सकाळी, दोन नमाजांच्या मधल्या वेळात, मुअज्जिन चाचांना विचारून आम्ही मस्जिद फिरलो. मी वहीत तीन रकाने केले. काय आहे, आता कशाचं आहे, आधी कशाचं होतं. मेहराब, मिंबर, ताक, जाळी, हुजरा, कपाटं, पंखे, कुराणशरीफची लाकडी मांडणी. तिसरा रकाना चाचांनी भरला. कुठला खांब सागवानी होता, कुठल्या खिडकीला जाड पडदा असायचा, पूर्वी सतरंजी किती जाड होती. तासाभरात मस्जिदीचा पन्नास वर्षांचा इतिहास वहीत उतरला. कुठल्याही कागदावर तो नव्हता.

मग त्यानं लॅपटॉपवर ऐकणाऱ्यांच्या जागा दाखवल्या. सहा खुणा, सगळ्या खालच्या दालनात. मी विचारलं, "आणि वर?"

आमच्याकडे रमजानमध्ये तरावीहसाठी वरच्या खोलीत बायकांची सोय असते. मी तिथं गेली कित्येक वर्षं उभी राहते आहे. आणि तिथं खालचा आवाज म्हणजे एक गुणगुण. इमामसाहेब रुकूत गेले की सजद्यात, हे पुढच्या सफीतल्या बाईकडे बघून ठरवावं लागतं. त्यानं वरची खोली काढली होती, पण तिला नाव दिलं होतं ‘स्टोअर’. वर्षाचे अकरा महिने तिथं चटया आणि जुने पंखे ठेवलेले असतात, त्यामुळे त्याला तेच दिसलं. त्याची चूक नव्हती. पण ‘स्टोअर’ असं नाव दिलं की तिथं ऐकणारं कुणी असू शकतं, हा विचारच येत नाही.

तो ओशाळला. नाव बदललं, ‘मस्तुरात’ असं लिहिलं, मधला जाड पडदा नोंदवला आणि तिथं तीन खुणा केल्या. शब्द किती स्पष्ट पोहोचतात याची एक मोजपट्टी असते, शून्य ते एक. 0.45 च्या खाली गेलं की खराब समजायचं. वरच्या तिन्ही जागा त्याच्या खाली होत्या. खालच्या शेवटच्या दोन सफीही.

आम्ही कागद कमिटीपुढे ठेवले. चर्चा लांबली. एका बुजुर्गांनी विचारलं, "बायकांना कळत नाही, हे त्यांनी इतकी वर्षं सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "सांगायचं कुठे, ते आम्हाला माहीत नव्हतं." फरशी निघाली नाही, पैसे खर्च झाले होते. पण खाली जाड गालिचा आला, मोठे दोन स्पीकर जाऊन छोटे चार आले आणि वर एक वेगळा स्पीकर लागला. फार मोठं काही नाही. गेल्या रमजानमध्ये पहिल्या तरावीहला वर उभं राहिले आणि आयतीचा शेवट कुठे होतो, ते मला ऐकू आलं.

त्या मुलीला उत्तर

शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलीला सांगितलं. विजापूरचा आवाज घुमटाच्या वक्रतेतून आपोआप आला. सुलेमानियाचा आवाज कुणीतरी विचार करून घडवायचा प्रयत्न केला. आमच्या मस्जिदीचा आवाज आम्ही फरशी लावताना नकळत बिघडवला. तिन्ही ठिकाणी "पूर्वजांना सगळं माहीत होतं" म्हणून काम भागत नाही. जागेवर जाऊन वस्तू ओळखाव्या लागतात, त्यांना बरोबर नाव द्यावं लागतं.

इतिहास शिकवताना आपणही लेअरच करतो. ‘मुस्लिम काळ’, ‘हिंदू वास्तू’, ‘परकी शैली’. त्या नावांखाली दाभोळचा याकूत येतो का, चुना मळणारा येतो का, वरच्या खोलीत उभी राहणारी बाई येते का, एवढं तपासून पाहावं.

वाचकांना एक विनंती. तुमच्या मस्जिदीत, मंदिरात, समाजमंदिरात, शाळेच्या सभागृहात, जागा रिकामी असताना एकदा टाळी वाजवून बघा आणि आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजा. मग भरल्या वेळी सगळ्यात मागे बसलेल्या माणसाला जाऊन विचारा, काय ऐकू आलं. आणि पडद्यामागं कुणी बसत असेल, तर तिलाही.